रेघ टीचर

आमच्या शाळेत समाजशास्त्राचा तास कुठल्या वर्गावर चालू आहे, हे हेडमास्तरांना खाली आपल्या खोलीत बसून कळायचं. आधी बाकं फरशीवरून ओढल्याचा कर्कश आवाज, मग आरडाओरडा, आणि कधीकधी कुणाचं तरी रडणं. टीचर वर्गात आल्या की त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, "बाकां भिंतीक लावा." मग त्या ओढणी कमरेला खोचायच्या, गुडघ्यांवर बसायच्या आणि खडूने फरशीवर रेघा मारायला लागायच्या. कधी त्या रेघांचा डिचोली तालुका व्हायचा, कधी संसद, कधी दोन भावांनी वाटून घेतलेलं शेत. आम्ही त्यांना रेघ टीचर म्हणायचो. खरं आडनाव हजेरीपटाच्या शेवटी सही करण्यापुरतं उरलं होतं.

त्या मूळच्या पेडण्याच्या. बदली होऊन आमच्याकडे आल्या आणि सर्वणला एका घराची मागची खोली भाड्याने घेऊन राहिल्या. लग्न केलेलं नव्हतं. शनिवारी शाळा सुटली की स्कूटरने पेडण्याला भावाकडे जायच्या, सोमवारी सकाळी परत. मायाळू वगैरे अजिबात नव्हत्या. आवाज फाटका, राग नाकावर. रागावल्या की टेबलावर एवढ्या जोरात थाप मारायच्या की खडूची पेटी उडायची. मुलांवर मात्र हात उचलत नसत. बाकीच्या शिक्षकांच्या हातात छडी असण्याचे ते शेवटशेवटचे दिवस होते, म्हणून आम्हाला ते ठळक दिसायचं.

पुस्तक इंग्रजीत होतं. त्या ते उघडायच्या, एक परिच्छेद वाचायच्या आणि मिटवून कडेला ठेवायच्या. "हें आता आपण करून बघू या," म्हणायच्या. एकदा धडा होता नैसर्गिक साधनसंपत्तीचा. त्यांनी फरशीवर नदी काढली. वरच्या अंगाला खाण, मध्ये वाडी, खाली शेतं. वर्गाचे तीन गट केले आणि बादलीभर पाणी आणून खाणवाल्यांच्या पुढ्यात ठेवलं. खाणवाल्यांनी त्यात मूठमूठ लाल माती कालवायची आणि बादली खाली सरकवायची. वाडीवाल्यांनी त्यात हात धुवायचे. शेतवाल्यांपर्यंत बादली आली तेव्हा ते पाणी रक्तासारखं दिसत होतं. "प्या," टीचर म्हणाल्या.

कुणी पिणार नव्हतंच. पण शेतांच्या गटात प्रवीण होता. त्याच्या घरची नदीकाठची खाजन शेती खरोखरच खाणीच्या गाळाने भरून गेलेली. समोर खाणीच्या गटात ट्रकमालकाचा मुलगा हसत उभा होता. प्रवीणने बादली उचलली आणि त्याच्या तोंडावर मारली. पाणी नव्हे, बादलीच. मग दोघे एकमेकांच्या उरावर. ट्रकमालकाच्या मुलाच्या नाकातून रक्त आलं आणि फरशीवरच्या नदीत टपटप पडलं. टीचरनी दोघांना मानेला धरून वेगळं केलं, आपली ओढणी त्या मुलाच्या नाकाला लावली आणि आम्हाला म्हणाल्या, "फरशी कुणी पुसू नका. आधी सांगा, पहिला हात कुणी उचलला? बरं. आणि त्याच्याआधी काय झालं? आणि त्याच्याआधी?" असं करत करत आम्ही उलटे गेलो. हसण्यापर्यंत, बादलीपर्यंत, मग ट्रकांपर्यंत, मग प्रवीणच्या आजोबांनी ज्या माणसाच्या सांगण्यावरून जमिनीच्या कागदावर अंगठा उठवला त्याच्यापर्यंत. त्या दिवशी दोन्ही मुलांचे बाप शाळेत आले. हेडमास्तरांनी टीचरना सगळ्यांदेखत झापलं. "मुलं मारामारी करतायत आणि तुम्ही बघत बसता?"

"सर, ती मारामारी आमच्याकडे अगोदरपासून होती," त्या म्हणाल्या. "मी तिला वर्गात जागा दिली."

दुसऱ्या एका तासाला त्यांनी पालमातोर आणली होती. पोर्तुगीज काळात पोलीस जिने तळहातावर मारत ती लाकडाची जाड पळी, गोल डोक्याची, डोक्याला भोकं पाडलेली. मारल्यावर त्या भोकांतून कातडी वर ओढली जायची. त्यांनी ती पेडण्याच्या एका मेस्ताकडून, म्हणजे सुताराकडून, मुद्दाम तशीच करून घेतली होती. आम्ही सगळ्यांनी हातात घेऊन तिचं वजन बघितलं. त्यांच्या आजोबांना पत्रकं वाटताना पकडलं होतं आणि हिने इतकं मारलं होतं की उजव्या हाताची मूठ त्यांना पुढे कधी मिटता आली नाही. भात डाव्या हाताने खायचे.

"मारणारा कोण होता?" त्यांनी विचारलं.

"पोर्तुगीज," आम्ही म्हणालो.

"पोर्तुगीज साहेब कदेलीवर बसून सिगारेट ओढत होता. मारणारा पेडण्याचाच, आमच्या वाड्यापलीकडचा." मी विचारलं, "त्याचं नाव काय?" त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "आजोबांनी मरेपर्यंत सांगितलं नाही. म्हणायचे, त्याची नातवंडं गावात आहेत, त्यांनी तोंड खंय दाखवायचं? गावात सगळे आजोबांना मोठ्या मनाचे म्हणतात. मला ते पटत नाही. नाव सांगायला हवं होतं."

त्याच वर्षी लक्ष्मी आमच्या वर्गात आली. तिचा बाप बसाप्पा बेळगावकडचा गवंडी. तिठ्याच्या पुढे नव्या इमारतींचं काम चाललं होतं, तिथे पत्र्याच्या खोल्यांत ही माणसं राहायची. बसाप्पाला मी ओळखत होते, कारण तो धाकट्या मुलाला खांद्यावर बसवून लक्ष्मीला शाळेत सोडायला यायचा आणि गेटबाहेर चपला काढून उभा राहायचा. टीचरनी एकदा वर्गात ग्रामसभा भरवली तेव्हा त्यांनी लक्ष्मीला विचारलं, "तू कुठे बसणार?" ती म्हणाली, "आमाला बोलवत नाहीत, टीचर." मग ग्रामसभेचा विषयच तो झाला आणि वर्गात दोन तट पडले. माझा तट लक्ष्मीच्या विरुद्धचा होता, कारण घरी दादा रोज जे बोलायचा तेच माझ्या तोंडात होतं. बाहेरची माणसं आली आणि आमच्या पोरांची कामं गेली, असं.

दादा म्हणजे आनंद, माझा सख्खा भाऊ. माझ्यापेक्षा बराच मोठा. टीचर नव्या होत्या तेव्हा तोही त्यांच्या हाताखालून गेला होता. पुढे खाणीच्या ट्रकवर लागला. खाणी थांबल्या तशी ट्रकची चाकं अंगणात बसली आणि दादा तिठ्यावर जाऊन बसायला लागला. तो वाईट नव्हता. मला परीक्षेला मोटरसायकलवरून सोडायचा, माझ्यासाठी डिचोलीहून पॅटीस आणायचा. पण त्याच्या आत काहीतरी सतत उकळत असायचं. एकदा पाववाल्या पोदेराने उंडे उशिरा आणले म्हणून त्याने त्याच्या सायकलची टोपली लाथेने उडवली होती.

त्या दिवशी सकाळपासून गावात मोबाईलवर एक फोटो फिरत होता. मुलं पळवणारी टोळी आलीय, सावध राहा. फोटो कुठल्या राज्यातला, कुठल्या वर्षातला, कुणाला ठाऊक नव्हतं. त्यातच वरच्या वाड्यावरचं एक पोर सापडेना झालं. ते आत्याबरोबर डिचोलीच्या बाजारात गेलं होतं आणि तिने घरी सांगितलं नव्हतं, हे नंतर कळलं. शाळा सुटायच्या सुमाराला बसाप्पा आपल्या धाकट्याला खांद्यावर घेऊन तिठ्यावरून चालला होता. पोराला गाड्यावरची भजी हवी होती. बापाने दिली नाहीत म्हणून ते हातपाय झाडून किंचाळत होतं. कुणीतरी ओरडलं, "भुरगीं धरपी आयलो!"

आम्ही शाळेच्या गेटातून बाहेर पडलो तर तिठ्यावर गर्दी. मला आधी वाटलं, अपघात झाला. जवळ गेलो तेव्हा दिसलं की विजेच्या खांबाला एक माणूस काथ्याने बांधलाय. तोंड ओळखू येत नव्हतं. एक डोळा सुजून बंद, दुसऱ्याच्या जागी नुसतं रक्त. शर्ट फाटून कमरेला लोंबत होता. माणसं पाळीपाळीने पुढे होऊन मारत होती. चपलांनी, हेल्मेटने, फावड्याच्या दांड्याने. एकजण मोबाईल वर धरून सगळं टिपत होता आणि मध्येच मोबाईल शेजाऱ्याच्या हातात देऊन स्वतः दोन लाथा घालून येत होता. कडेला गटाराजवळ ते पोर पालथं पडून रडत होतं. त्याला कुणी उचललं नव्हतं. ज्या पोराला वाचवायला म्हणून एवढी माणसं धावली होती, त्या पोराकडे एकाचंही लक्ष नव्हतं.

लक्ष्मीने पोराला ओळखलं, आणि पोरावरून बापाला. ती "अप्पा" म्हणून ओरडली, ती ओरड मी पुन्हा कुणाच्या तोंडून ऐकलेली नाही. मी तिला मागून मिठी मारून धरून ठेवलं. ती सुटायला बघत होती आणि मला नखांनी ओरबाडत होती.

तेवढ्यात टीचर आल्या. स्कूटर रस्त्यातच आडवी टाकून, चालत नव्हे, पळत. त्या गर्दीत घुसल्या, कोपरं मारत, लोकांचे केस ओढत. खांबापाशी पोचल्या आणि बसाप्पाकडे पाठ करून, दोन्ही हात पसरून उभ्या राहिल्या. दोन दांडे त्यांच्या खांद्यावर बसले, ते बहुधा थांबता आलं नाही म्हणून. "बाजूक सरात टीचर, तो चोर!" कुणीतरी म्हणालं.

"कुणी बघितलं?" त्या ओरडल्या. उत्तर म्हणून शिव्या आल्या. मग त्यांनी समोरच्या एकेका तोंडाकडे बघून नावं घ्यायला सुरुवात केली. "दिलीप! दहावी ब. खाली ठेव तो दांडा. महेश! तुझी आवय शाळेत कामाला होती, तिका बोलावू? प्रवीण!" होय, तो प्रवीणही होता, शाळा सुटताच आमच्यापुढे धावत आलेला, हातात दगड. नाव घेतलं की तो माणूस दचकायचा. महेशने हेल्मेट पाठीमागे लपवलं. प्रवीणने दगड टाकला आणि पळाला. गर्दी जागच्या जागी सैल पडत चालली होती. मला वाटलं, संपलं.

मग त्या म्हणाल्या, "आनंद!"

माझा दादा ट्रकच्या जॅकचा दांडा घेऊन उभा होता. मी त्याला तोवर बघितलंच नव्हतं. त्याचा चेहरा मला अनोळखी वाटला. टीचरनी पुन्हा नाव घेतलं, जरा हळू, "आनंद, सोड मरे त्याका." आणि दादाने तो दांडा आडवा फिरवून त्यांच्या तोंडावर मारला.

त्या खाली बसल्या. आवाज काही मोठा झाला नाही. मी लक्ष्मीला सोडलं, धावत गेले आणि दादाच्या मनगटाला चावले. तोंडात रक्ताची चव येईपर्यंत सोडलं नाही. त्याने मला झटकलं, मी खडीवर जाऊन पडले. उठून बघते तो टीचर उभ्या राहिलेल्या. खालचा जबडा एका बाजूला लोंबत होता. ओंजळीत तोंडातले दात होते, ते त्यांनी ओढणीच्या टोकात बांधले. बोलता येत नव्हतं. त्यांनी उजवा हात वर केला आणि समोरच्या प्रत्येकाकडे बोट दाखवायला लागल्या. एकाकडे बघून झालं की पुढच्याकडे. माणसं मागे सरकली. कुणी तोंड फिरवलं, कुणी मोटरसायकल चालू केली. पोलिसांची जीप आली तेव्हा खांबापाशी बसाप्पा, टीचर आणि आम्ही तिघं पोरं एवढीच उरलो होतो.

बसाप्पा वाचला. डोळा गेला, आणि उजवा हात खांद्याच्या वर जाईना, म्हणजे गवंडीकाम संपलं. इस्पितळातून सोडल्यावर बायकापोरांना घेऊन तो बेळगावकडे निघून गेला. लक्ष्मीचं दप्तर वर्गातल्या खिळ्याला बरेच दिवस लटकत होतं.

दादाला आणि आणखी काहीजणांना धरलं. घरी बाबांनी मला पट्ट्याने मारलं, मी भावाला चावले म्हणून आणि तेही सगळ्यांदेखत. आई मारत नव्हती, भिंतीवर कपाळ आपटत होती. "तुझ्या टीचरीन आमचें घर मोडलें," म्हणायची. मग एक दिवस ती मला घेऊन म्हापशाच्या इस्पितळात गेली. टीचरचा जबडा तारांनी आवळून बांधला होता. नळीने पेज पीत होत्या. हातात पाटी होती, लहान मुलांची. आईने त्यांचे पाय धरले. "टीचर, म्हज्या पुताचें नांव फाटीं घेयात. तुमी म्हणा, गर्दी होती, दिसलं नाही."

टीचरनी पाटीवर लिहिलं, "मी घेतलेलं नाव परत घेता येत नाही." आई अडाणी नव्हती, पण ती ते पुन्हा पुन्हा वाचत राहिली, जणू खाली आणखी काही लिहिलेलं असेल. मग टीचरनी ते पुसलं आणि लिहिलं, "आनंदला कोठडीत मारतात का?"

आईने मान हलवली. मारत होते. तळपायांवर. परवा त्याला भेटायला गेली तेव्हा तो तिच्यासमोर भिंत धरून चालला होता.

दुसऱ्याच दिवशी टीचर रिक्षा करून पोलिसांकडे गेल्या. तारांनी बांधलेल्या तोंडाने, पाटी घेऊन. आरोपीला मारायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला, असं पाटीवर लिहून त्यांनी ती टेबलावर आपटली. पाटी फुटली. पुढे त्या वरच्या साहेबांकडे गेल्या, आणि मार थांबला. हे आम्हाला दादाच्या वकिलाने सांगितलं, तेही हसत, "अशी फिर्यादी मी बघितली नाही." आई हसली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून तिने माझा शाळेचा ड्रेस इस्त्री केला आणि डबा भरला. बाबा काही बोलायच्या आत ती म्हणाली, "ती शाळेत वतली."

टीचर कामावर परतल्या तेव्हा अर्धा वर्ग रिकामा होता. पालकांनी मुलांना त्यांच्या तासाला बसायचं नाही म्हणून बजावलं होतं. तासाला मुलं व्हरांड्यात उभी राहायची आणि जनेलातून आत बघायची. त्यांच्या स्कूटरच्या सीटवर कुणीतरी सुरीने चिरे पाडले. सर्वणच्या घरमालकाने खोली सोडायला सांगितली. एकदा शिकवत असताना दगड आला, काच फुटून एका मुलीच्या कानाला लागली. टीचरनी तिला हेडमास्तरांकडे पाठवलं, दगड उचलून टेबलावर ठेवला आणि फरशीवर रेघ मारायला बसल्या. त्यांचा जबडा वाकडा जुळला होता. काही अक्षरं नीट येत नव्हती, कोपऱ्यातून लाळ गळायची आणि त्या रुमालाने टिपायच्या. धडा होता मूलभूत हक्कांचा. फरशीवर त्यांनी एक चौकोन काढला आणि म्हणाल्या, "ही कोठडी. आत कोण बसणार?" कुणी उठेना. त्या स्वतः आत जाऊन बसल्या. "आता मी माणूस मारलाय. तुम्ही सगळ्यांनी बघितलंय. सांगा, माझे कुठले हक्क उरले?"

मी त्या तासाला रडले. जनेलातून बघणाऱ्यांपैकी दोघीतिघी आत आल्या आणि चौकोनाभोवती बसल्या. पुढच्या तासाला आणखी काही आल्या.

कोर्टात दादाच्या वकिलाने त्यांना बरंच खेळवलं. एवढ्या गर्दीत चेहरे कसे ओळखले? "मी त्यांना शिकवलंय." तोंडाला मार लागल्यावर शुद्ध होती का? "होती. दात गोळा केले." शेवटी त्याने आवाज चढवला, "आपल्याच विद्यार्थ्यांना तुरुंगात पाठवताना शिक्षिका म्हणून तुम्हाला लाज वाटत नाही?" आई माझ्या शेजारी बसली होती, तिचा हात माझ्या हातात होता. टीचरनी रुमालाने तोंड टिपलं. "व्हय, वाटते," त्या म्हणाल्या. "म्हणूनच आले." काही सुटले, काहींना शिक्षा झाली. दादाला सर्वांत मोठी, काही वर्षांची. निकालाच्या दिवशी त्याने टीचरकडे एकदाही बघितलं नाही.

त्यानंतर त्यांनी स्वतःच बदली मागून घेतली आणि पेडण्याला गेल्या. निरोप समारंभ झाला नाही. शेवटच्या तासाला आम्ही बाकं भिंतीला लावून ठेवली, तर त्या म्हणाल्या, "नका. आज पुस्तक वाचू या, परीक्षा आलीय."

मी पुढे बी.एड. केलं आणि पेडणे तालुक्यातल्याच एका शाळेत समाजशास्त्र शिकवायला लागले. टीचर तोवर निवृत्त झाल्या होत्या. रविवारी मी त्यांच्याकडे जायची. त्या अंगणात काजू सुकवत असायच्या. पाव चहात बुडवून, मऊ करून खायच्या. माझ्या तासांची उलटतपासणी घ्यायच्या. मुलं कुठे भांडली, मी घाईने कुठे थांबवलं, कुणाचा आवाज ऐकायचा राहिला. मी सगळं छान झालं म्हणाले की चिडायच्या. "म्हणजे काहीच झालं नाही."

दादा सुटून आला तेव्हा निम्मा झाला होता. अंगणात बसून असायचा. एके दिवशी मला म्हणाला, "टीचरीकडेन मला व्हर." मी त्याला मोटरसायकलवर मागे बसवून पेडण्याला नेलं. टीचरनी त्याला बघितलं, ओळखलं, आणि पडवीतल्या कदेलीकडे बोट केलं. तो बसला नाही. उभ्या उभ्याच माफी मागायला लागला, पाठ करून आणल्यासारखी. त्यांनी मध्येच थांबवलं.

"ता ऱ्हांव दी. मला एक सांग, तू मला का मारलंस? बसाप्पाला मारलंस ते मला कळतं. मला का?"

दादाने खाली बघितलं. मग म्हणाला, "तुम्ही म्हजें नांव घेतलें म्हणून." नाव घेईपर्यंत तो कुणीच नव्हता, असं काहीसं तो तुटक तुटक बोलला. सगळ्यांतला एक होता. नाव घेतलं तेव्हा एकदम सगळे त्याच्याकडे बघायला लागले, त्याने आतापर्यंत काय काय केलं ते सगळं त्याच्या एकट्याच्या अंगावर आलं, आणि ते तोंड बंद करायला हवं होतं, तेवढंच सुचलं.

टीचरचा हात जबड्यावर गेला. मी त्यांना एवढं गडबडलेलं कधी बघितलं नव्हतं. "मला वाटलेलं, नाव घेतलं की माणूस थांबतो," त्या म्हणाल्या. "बाकीचे थांबले." मग त्या उठल्या, आत गेल्या आणि दादासाठी स्वतःच्या हाताने चहा घेऊन आल्या. तो पीत असताना म्हणाल्या, "हे नववीच्या पोरांना येऊन सांगशील? तुझ्या बहिणीच्या, शिवानीच्या वर्गात. मीही येते. तुझ्या शेजारी बसते."

दादा म्हणाला, "बघतां."

त्याने होकार द्यायला बरेच महिने घेतले. तोवर काजूचा हंगाम संपत आला होता. एका दुपारी अंगणातच टीचर कोसळल्या. अर्धं अंग गेलं, आणि पाचसहा दिवसांत त्याही गेल्या. स्मशानात माणसं थोडी होती. प्रवीण आला होता, कडेला उभा होता. माझी आई डिचोलीहून बस बदलत बदलत एकटी आली होती.

दादा ठरल्याप्रमाणे वर्गात आला. मी बाकं भिंतीला लावायला सांगितलं. मुलं जमिनीवर बसली, दादाही. त्याने काही लपवलं नाही. खांब, दांडा, बसाप्पाचा डोळा, टीचरचा जबडा, सगळं सांगितलं. आवाज एकसुरी होता. संपल्यावर मी म्हटलं, कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा. मला वाटलं होतं, तुरुंगाबद्दल विचारतील. पुढे बसलेली एक बारकी मुलगी, एरवी तोंडातून शब्द न काढणारी, म्हणाली, "त्या माणसाला मारताना तुमकां कशें दिसलें, म्हणजे कसं वाटलं?"

दादाने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवून सांगू शकले असते की हे नको. मी हलवली नाही.

"बरें दिसलें," तो म्हणाला.

मागच्या ओळीतला एक मुलगा खाली मान घालून हसला आणि लगेच थांबला. मी हातातला खडू बोटांत फिरवत उभी होते. इथे पुढचा प्रश्न विचारायला हवा होता, तो कुठला ते टीचरना त्याच क्षणी कळलं असतं. मला कळला नाही. मी दादाच्या शेजारी खाली बसले आणि मुलांपैकी कुणीतरी बोलेल याची वाट बघत राहिले.